तुम्ही विचारलंत म्हणून: 'रो' म्हणायचे की 'राउ'?

आर, ओ, डब्ल्यू या तीन अक्षरांचा उच्चार 'रो' करायचा की 'राउ', हा प्रश्न नाशिकमध्ये मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले असतात, घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक असतात आणि पाथर्डी फाट्याकडे नुकतेच रो हाऊस घेतलेले गृहस्थही असतात. बहुतेकांना एका शब्दाचे उत्तर हवे असते. तसे उत्तर मला देता येत नाही, कारण हा एकच शब्द आहे असे प्रश्नात गृहीत धरलेले असते आणि प्रत्यक्षात ते तीन वेगळे शब्द आहेत. त्यांचा उगम वेगळा, अर्थ वेगळा. कालांतराने स्पेलिंग मात्र सारखे झाले.

पहिला शब्द म्हणजे ओळ किंवा रांग, आणि त्याचा उच्चार 'रो'. नाशिककरांच्या तोंडी हाच सर्वांत जास्त असतो, कारण इंदिरानगर, गोविंदनगर, गंगापूर रोड अशा भागांत भिंतीला भिंत लावून एका ओळीत बांधलेली घरे पुष्कळ आहेत. 'रो हाऊस' ही मूळची अमेरिकन बोली. ब्रिटिश माणूस अशा घराला 'टेरेस्ड हाऊस' म्हणतो. तो शब्द आपल्याकडे रुळला नाही हे बरेच झाले, कारण टेरेस म्हटले की आपल्याला गच्चीच आठवते. जाहिरातींत कधी 'रॉ हाऊस' असेही वाचायला मिळते, पण 'रॉ' म्हणजे कच्चा, आणि आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घराला कोणी कच्चे म्हणू नये. संगणकावरच्या एक्सेलच्या तक्त्यात आडव्या ओळीला हाच शब्द आहे. तिथे अशा १०,४८,५७६ ओळी असतात. निफाड-दिंडोरीकडची मुले द्राक्षलागवडीची इंग्रजी माहिती वाचतात, तेव्हा वेलींच्या दोन ओळींमधल्या अंतराच्या संदर्भात त्यांना हाच शब्द भेटतो. 'इन अ रो' म्हणजे लागोपाठ, ओळीने. सलग तीन सामने जिंकले, असे सांगताना तो येतो.

दुसरा शब्द म्हणजे वल्हवणे. उच्चार पुन्हा 'रो', पण नाते पहिल्याशी काहीच नाही. याचे जुने इंग्रजी रूप 'रोवन' होते आणि वल्ह्यासाठी संस्कृतात जो 'अरित्र' हा शब्द आहे, तो याच्याच दूरच्या कुळातला आहे. गंगापूर धरणावर बोट चालवणारा आणि वेदांत अरित्राचा उल्लेख करणारा, दोघेही एकाच जुन्या धातूचा वापर करतात, हे मला फार विलक्षण वाटते. या शब्दाला नाशिक जिल्ह्यात एक अभिमानाची जागाही आहे. पाण्याची कायम टंचाई असलेल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकले, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेरावे आले आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या चमूतून सुवर्णपदक जिंकून आले. वल्हे ज्या खोबणीत अडकवतात तिचे नावही याच अक्षरांनी सुरू होते, पण ब्रिटिश नावाडी तिला 'रॉलक' म्हणतात, म्हणजे तिथे तिसराच स्वर येतो.

तिसरा शब्द भांडणाचा, आणि गोंधळ खरा त्याच्यापाशी सुरू होतो. याचा उच्चार 'राउ'. गाईच्या 'काउ'शी यमक जुळणारा. अर्थ कडाक्याचे भांडण, वाद, आणि कधी नुसता गोंगाट. हा इतर दोघांच्या मानाने अगदी नवा आहे. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो लिखाणात दिसू लागतो आणि त्याचे मूळ शब्दकोशांना आजही निश्चित सांगता आलेले नाही. अमेरिकन माणूस तो फारसा वापरत नाही. ब्रिटनमध्ये मात्र नवरा-बायकोच्या भांडणापासून संसदेतल्या वादापर्यंत सगळीकडे तो चालतो. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी तो ब्रिटिशांकडूनच उचलला आणि मथळ्यांसाठी तो त्यांना फार सोयीचा पडला, कारण तीनच अक्षरांत अख्खा वाद मावतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. अशा बातमीच्या इंग्रजी मथळ्यात 'ओनियन' या शब्दापुढे ही तीन अक्षरे आली, तर तिथे कांद्याची ओळ नसते, कांद्यावरून पेटलेला वाद असतो. परीक्षेची तयारी करणारी मुले मथळा मोठ्याने वाचताना तिथे 'रो' म्हणतात आणि मग अर्थ त्यांच्या हाती लागत नाही. उच्चार चुकण्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

आता एकाच स्पेलिंगला दोन स्वर का, तेही सांगायला हवे, कारण हे समजले की पाठांतराचे ओझे कमी होते. जुन्या इंग्रजीत ओळीच्या शब्दाचा उच्चार 'राव'च्या जवळचा होता आणि बर्फाचा 'स्नाव'च्या जवळचा. वाढणे आणि वल्हवणे या क्रियापदांत 'ओव' असा ध्वनी होता. हे सगळे पुढे सरकत 'ओ'वर येऊन थांबले, म्हणून आज स्नो, ग्रो, नो (जाणणे) आणि रो. दुसरीकडे, गाईला जुन्या इंग्रजीत 'कू' म्हणत आणि 'आता'ला 'नू'. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी हा दीर्घ 'ऊ' ओ आणि डब्ल्यू यांच्या जोडीने लिहायला सुरुवात केली. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलले आणि त्या 'ऊ'चा 'आउ' झाला: काउ, नाउ, हाउ. अक्षरे मात्र होती तिथेच राहिली. अशा रीतीने एकाच जोडीखाली दोन घराणी नांदू लागली, आणि भांडणाचा शब्द उशिरा आला तेव्हा तो 'आउ'च्या घराण्यात जाऊन बसला. धनुष्याचा 'बो' आणि वाकून नमस्कार करण्याचा 'बाउ', पेरण्याचा 'सो' आणि डुकरिणीचा 'साउ' या जोड्याही अशाच घडल्या आहेत.

इंग्रजी ही बेशिस्त भाषा आहे, असे यावर पालक म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण मराठी माणूस हेच काम रोज न अडखळता करतो. 'जग' हा शब्द पाहा. 'सारे जग' म्हणताना आपला ज तालव्य असतो, 'जहाज'मधल्या पहिल्या ज सारखा. 'सुखाने जग' म्हणताना तोच ज दंततालव्य होतो, 'जाड'मधल्या सारखा. 'चार भाकरी' आणि 'गुरांना चार' यांतला च वेगळा. 'जरा थांब' आणि 'जराव्याधी' यांतला ज वेगळा. लेखनात फरक शून्य, तरी नाशिकचे पाच वर्षांचे मूलही बोलताना यात चुकत नाही, कारण त्याला आधी अर्थ कळतो आणि अर्थ उच्चार ठरवतो. परभाषकाला हे शिकवायला बसलो की आपली भाषाही तितकीच अवघड असल्याचे लक्षात येते.

म्हणून 'यातला बरोबर कोणता' हा प्रश्नच मी मुलांना विचारू देत नाही; 'इथे शब्द कोणता आहे' हे त्यांनी विचारावे, असा माझा आग्रह असतो. 'शेड्यूल' आणि 'स्केजूल' यांत निवड बोलीची आहे, दोन्ही चालतात आणि अर्थ बदलत नाही. इथे तशी मोकळीक नाही. शेजारचे शब्द पाहिले की निर्णय बहुधा होतो: बसण्याच्या जागा, झाडे, घरे, आकडे असतील तर 'रो', होडी, नदी, वल्हे असेल तर 'रो', आणि पुढे 'ओव्हर' येऊन वादाचा विषय सांगितला असेल किंवा मागे 'हॅड अ' असेल, तर बहुतेक वेळा 'राउ'.

बहुतेक वेळा, असे मी जाणूनबुजून म्हणतो. ते दोघे तलावावर 'आर, ओ, डब्ल्यू, आय, एन, जी' करत होते, एवढेच वाक्य इंग्रजीत छापलेले असेल, तर ते होडी वल्हवत होते की होडीत बसून भांडत होते, हे कागदावरून ठरवता येत नाही. मागचे-पुढचे वाक्य वाचावे लागते, नाहीतर लिहिणाऱ्याच्या तोंडून ते ऐकावे लागते.