नावापुढची अक्षरे

दोन सिझेरियन आणि नंतर घटवलेले अठरा किलो वजन यांमुळे माझ्या पोटाची त्वचा ओघळली होती. ती काढून खालचे सैल पडलेले स्नायू शिवून घेण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ॲब्डॉमिनोप्लास्टी, करून घ्यावी असे दोन वर्षे माझ्या मनात होते. पुण्यातल्या ज्या पहिल्या क्लिनिकमध्ये मी गेले, तिथे डॉक्टरांच्या आधी एका समुपदेशक बाईंनी माझा ताबा घेतला आणि रविवारपर्यंत आगाऊ रक्कम भरल्यास वीस टक्के सूट मिळेल असे सांगितले. साडीच्या सेलमध्ये हे शोभते. पूर्ण भूल देऊन कंबरभर छेद घ्यायच्या शस्त्रक्रियेला मुदतीची सूट कशासाठी, या प्रश्नाने मी सावध झाले.

तिथल्या कार्डावर डॉक्टरांच्या नावापुढे 'एम.बी.बी.एस.' आणि त्यानंतर चार-पाच संक्षेप होते, खाली ठळक अक्षरांत 'कॉस्मेटिक सर्जन'. घरी येऊन शोधल्यावर कळले की ते संक्षेप अल्पमुदतीच्या फेलोशिपचे आहेत आणि 'कॉस्मेटिक सर्जन' ही पदवी नसून नुसते वर्णन आहे. आपल्याकडे प्लास्टिक सर्जन होण्याचा रूढ मार्ग असा, की एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे जनरल सर्जरीत एम.एस. किंवा डी.एन.बी. करायचे आणि त्यावर आणखी तीन वर्षे प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्याच तोडीचे डीआर.एन.बी. करायचे. केशरोपणासारख्या त्यामानाने छोट्या प्रक्रियेसाठीसुद्धा नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहणे हे प्रशिक्षण ठरत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लेखी सांगावे लागले, यावरून बाजाराची कल्पना यावी.

डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि प्रिस्क्रिप्शनवर व पावतीवरही छापावा, असे 2002 च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. माझ्या पावतीवर तो नव्हता. दोनदा फोन केल्यावर मिळाला. आयोगाच्या संकेतस्थळावरील भारतीय वैद्यक नोंदवहीत महाराष्ट्र परिषद निवडून तो टाकला, तेव्हा नाव जुळले, पण पदवीच्या रकान्यात फक्त एम.बी.बी.एस. होते. एवढ्यावरून निकाल देणे मला योग्य वाटले नाही, कारण पुढची पदवी परिषदेकडे वेगळी नोंदवावी लागते आणि ती संकेतस्थळावर दिसायला विलंब होऊ शकतो. म्हणून सरळ विचारले. उत्तर आले, "सरांना पंधरा वर्षांचा अनुभव आहे." प्रश्न पदवीचा होता. तिथला विषय मी तिथेच संपवला.

दुसरे डॉक्टर एका सर्वसाधारण रुग्णालयात बसत. गंमत म्हणजे नोंदवहीत त्यांचीही एम.सीएच. दिसत नव्हती. हे विचारताना मला फार संकोच वाटला; आपल्याकडे डॉक्टरांना पदवी विचारणे म्हणजे पाहुण्याला जात विचारण्याइतके अवघड. ते मात्र उठले, आतल्या खोलीतून विद्यापीठाचे पदवीपत्र आणि अतिरिक्त पदवी नोंदल्याचे वैद्यकीय परिषदेचे प्रमाणपत्र घेऊन आले आणि म्हणाले, "विचारत जा, ताई. फोटो काढून घ्या हवा तर." विद्यापीठ, वर्ष आणि नोंदणी क्रमांक मी सावकाश ताडून पाहिले.

त्यानंतरचे प्रश्न सोपे गेले. रुग्णालयाची 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखालची नोंदणी दर्शनी भिंतीवर होती. भूल कोण देणार, ते भूलतज्ज्ञ रात्री बोलावल्यास किती वेळात पोचतील, गरज पडल्यास अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे सारे मी वहीत लिहून नेले होते. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका या शस्त्रक्रियेत असतो, हे मी विचारण्याआधी त्यांनीच सांगितले. पहिल्या ठिकाणी तो शब्दही निघाला नव्हता. वजन आणखी तीन महिने स्थिर राहू द्या, मग या, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले आणि आगाऊ रक्कम घेतली नाही.

तीन महिन्यांनी संमतिपत्र समोर आले. छापील मजकुरात शस्त्रक्रिया 'डॉक्टर किंवा त्यांचे सहकारी' करतील असे होते. ज्यांची नोंदणी मी तपासली ते हे डॉक्टर. ते सहकारी कोण, हे मला ठाऊक नव्हते. मी त्या शब्दांवर बोट ठेवले. त्यांनी 'किंवा त्यांचे सहकारी' खोडले, शेजारी आपले पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक लिहिला आणि त्याखाली सही केली. मग मी केली.