आग्र्याच्या वाटेवर ग्वाल्हेरला उतरलो

ग्वाल्हेर आमच्या बेतात एका दिवसापुरतं होतं. सकाळी उतरायचं, किल्ला बघायचा, रात्री आग्रा. बाबांना ताजमहाल बघायचा होता आणि हे वाटेत पडतं, एवढंच. प्रत्यक्षात ग्वाल्हेरला तीन रात्री राहिलो आणि आग्र्याला जेमतेम अर्धा दिवस मिळाला.

किल्ल्यावर गाडी जाते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने. पण गुडघे साथ देत असतील तर पूर्वेकडून, गूजरी महालाच्या बाजूने पायीच चढा. सत्तरीचे बाबा थांबत थांबत वर आले. याच वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, अख्खं एका कातळात कोरलेलं आणि इतकं लहान की सहज मागे पडेल. गाडीने जाणाऱ्यांना तर ते दिसतच नाही. आत इ.स. 876 चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात आणि देवाला रोज 50 माळा, अशी नोंद त्यात आहे. त्या आकड्यांतलं शून्य म्हणजे आपण काढतो तसंच बारीक गोल, आणि ते देशातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी एक. दाराला कुलूप होतं. पहारेकऱ्याला विनंती केली, त्यांनी उघडून दिलं. बाबा शाळेत गणित शिकवायचे. ते बराच वेळ हवेत बोटाने 270 गिरवत उभे होते.

वर राजा मानसिंह तोमरांचा महाल आहे, भिंतींवर निळ्या फरश्या आणि त्यात पिवळी बदकं. सास-बहू मंदिराचं छत मान दुखेपर्यंत बघितलं. उतरताना मात्र उरवाईची वाट धरा. कड्यात कोरलेल्या 15व्या शतकातल्या तीर्थंकरमूर्ती तिथे आहेत, सर्वांत मोठी 50 फुटांहून उंच.

शिंदे राजघराण्याचा जयविलास महाल आम्ही गेलो तेव्हा बुधवारी बंद होता, गूजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. आम्ही नेमके बुधवारी पोचलो, म्हणून पहिला मुक्काम वाढला. त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ती संध्याकाळ महाराज बाड्यावर, म्हणजे शहरातल्या बाजारचौकात गेली. दुकानात मी बाबांशी बोलत होते, तर गल्ल्यावरचे आजोबा मराठीतच म्हणाले, “कुठले तुम्ही?” सातारा म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, “कण्हेरखेड किती लांब तुम्हाला?” शिंद्यांचं मूळ गाव! आम्ही कोरेगाव तालुक्यातले, आणि कण्हेरखेडला एकदाच गेलेलो. त्यांचं मराठी हिंदीच्या हेलातलं, पण घरचं. फूलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीचा रस्ता त्यांनीच सांगितला. तिथे सकाळी लवकर जा, गर्दी नसते.

तिसरा दिवस गाण्याचा. बाबा गंधर्व महाविद्यालयाच्या गायनाच्या परीक्षा दिलेले. ज्या ख्यालाला आपण मिरज-इचलकरंजीचा समजतो, तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणला, आणि त्याचं घराणं हे ग्वाल्हेरचं, हद्दू-हस्सू खाँ या गायक भावांचं. बुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, गंधर्व महाविद्यालयाचे संस्थापक. हे बाबांना तोंडपाठ होतं, पण तानसेनच्या समाधीशी उभं राहिल्यावर त्यांचा आवाज जड झाला. समाधी अगदी साधी आहे. शेजारी गुरू मुहम्मद घौस यांचा मोठा मकबरा आहे, त्याच्या दगडी जाळ्या दुपारच्या उन्हात बघा. समाधीजवळच्या चिंचेचा पाला गायक गळ्यासाठी खातात. बाबांनी दोन पानं खाल्ली आणि दोन वहीत ठेवली. वेळ उरला तर सरोद घरही बघा, ते सरोदवादक हाफिज अली खाँ यांचं घर.

मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम, दोन्ही ग्वाल्हेरला थांबतात. थंडीत धुक्यामुळे उत्तरेच्या गाड्या रखडतात, म्हणून पुढचं आरक्षण त्याच दिवशीचं करू नका. थंडीतच गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई) ताजी मिळते, दोन डबे जास्तच घ्या. तानसेन समारोह हा संगीत महोत्सव डिसेंबरात असतो आणि त्याची सुरुवात ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने (पैगंबरांच्या स्तुतीने) होते. पुढच्या डिसेंबरात रजा काढ, असं बाबांनी परतीच्या गाडीतच मला सांगून ठेवलंय.