नळीला मानवेल तेच काडतूस

टेक्सासात ग्रीन कार्ड हातात पडलं की आपली काही मराठी मंडळी शिकारीकडे वळतात, आणि त्यातल्या कुणाचा तरी दरवर्षी फोन येतो: ‘.३०८ साठी (हे काडतुसाचं एक माप) सगळ्यात अचूक काडतूस कोणतं?’ मी उलट विचारते, बंदूक कोणती? आणि बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर बाराला हाताने भरायची, की सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी? हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

माझी बंदूक ब्राउनिंग कंपनीची बीएआर (BAR), .३०८ विंचेस्टरमधली, २२ इंची नळीची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली त्याच नावाची लष्करी बंदूक वेगळी. ही १९६७ साली बाजारात आलेली शिकारीची रायफल, प्रसिद्ध बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगचा नातू ब्रूनो याने आखलेली. बार उडाला की नळीतल्या छोट्या भोकातून थोडा वायू खाली पिस्टनवर येतो, पिस्टन बोल्टला (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याला) मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिनमधलं पुढचं आपोआप आत जातं. बोल्टचा खटका सुटेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. पण गोळी त्या भोकाच्या पुढे सरकली आणि नळीच्या तोंडाशी अजून पोचायची आहे, एवढ्या वेळात पिस्टनला धक्का बसायला सुरुवात होते. हा काळ एका मिलिसेकंदापेक्षा कमी, तरीही नळी त्यात थरथरते. वेगळी दारू, वेगळं वजन, वेगळा वेग, की थरथर वेगळी. म्हणून एका बीएआरमध्ये सुरेख चाललेलं काडतूस शेजारच्या बीएआरमध्ये गोळ्या पसरवतं.

मी पोटापाण्यासाठी यंत्रांच्या सुट्या भागांची मोजमापं तपासते, त्यामुळे ‘माझी रायफल एक इंचात मारते’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न येतो: किती गोळ्या? तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, हा फार थोडा पुरावा. तीच बंदूक, तेच काडतूस, पण तीनऐवजी पाच गोळ्या मारल्या तर पसारा सरासरी सव्वापट होतो. दहा मारल्या तर दीडपटीहून जास्त. काडतूस बिघडलेलं नसतं, गणितच तसं आहे. वहीत जपून ठेवलेला सर्वोत्तम तीन गोळ्यांचा कागद मला काहीच सांगत नाही. मी १०० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेते, आणि वाईट ग्रुपही वहीत तसाच चिकटवते.

सेमी-ऑटोमॅटिकची खरी मेख पुढे आहे. माझ्या मॅगझिनमध्ये चार काडतुसं बसतात. पहिलं मी हाताने बोल्ट मागे ओढून सोडते तेव्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, जातं. पुढची वायूच्या जोरावर जातात, खूप वेगाने. त्या आदळण्यात गोळी काडतुसाच्या मानेत किंचित आत सरकू शकते, आणि बोल्टही दर वेळी अगदी त्याच ठिकाणी टेकेल असं नाही. परिणाम असा की काही काडतुसांची पहिली गोळी एकीकडे लागते आणि बाकीच्यांचा घोळका दुसरीकडे. रेंजवर लोक पहिली गोळी ‘गेली असेल’ म्हणून सोडून देतात. शिकारीत मोलाची तर तीच असते! हरणावर सुटणारी गोळी नेमकी हाताने भरलेली आणि थंड नळीतली असते.

म्हणून थंड नळीच्या पहिल्या बारासाठी मी वेगळा कागद ठेवते. रेंजवर गेल्यावर पहिली गोळी त्यावर, मग तो कागद गुंडाळून गाडीत. पुढच्या खेपेला पुन्हा तोच कागद. काही महिन्यांनी त्या कागदावर जो ग्रुप दिसतो, तो त्या काडतुसाचा माझ्यापुरता खरा ग्रुप. बाकीचे ग्रुप मॅगझिन भरून मारते, एकेक काडतूस हाताने सोडून नाही. आणि बोल्ट हाताने सावकाश पुढे नेत नाही, स्प्रिंगच्या जोरावर सुटू देते, नाहीतर तो पुरता बंद न होण्याचा धोका असतो.

गोळी मागे सरकते का, हे रेंजवर तपासायला सोपं आहे. काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजायची, बंदूक सुरक्षित दिशेला धरून ते चेंबरमध्ये जाऊ द्यायचं, बाहेर काढून पुन्हा मोजायचं. .३०८ ची कमाल लांबी २.८१० इंच ठरलेली आहे आणि शिकारीची काडतुसं त्याहून थोडी आखूडच असतात. आपल्याला पाहायचा असतो तो फरक. गोळीच्या कमरेला खाच असेल आणि पितळी मान त्या खाचेत दाबून बसवलेली असेल, तर गोळी सहसा हलत नाही. मऊ शिशाचं टोक मॅगझिनमध्ये आपटून चेपलं म्हणून काही जण हळहळतात. तेवढ्याने १०० यार्डांवर फारसं बिघडत नाही. गोळीचा बुडखा वाकडा असेल तर मात्र बिघडतं.

पहिल्यांदा माझी बंदूक किती पाण्यात आहे हे समजून घेतलं. फेडरलच्या गोल्ड मेडल मॅचमध्ये सिएरा मॅचकिंगची १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी येते, ती मारली. माझ्या वहीतले सगळ्यात लहान ग्रुप तिचेच आहेत. पण ती जनावरावर चालवायची नाही, खुद्द सिएरा कंपनी तसं सांगते, कारण ती कागदासाठी बनवली आहे आणि मांसात कशी उघडेल याचा भरवसा नाही. बंदुकीची कुवत काय आहे हे कळायला मात्र तिच्यासारखी गोळी नाही. शिकारीचं काडतूस त्याच्या जवळपास आलं की आणखी शोधत बसायचं कारण उरत नाही.

मग शिकारीची काडतुसं. १५० ग्रेनचं एक नावाजलेलं काडतूस घोळक्याने छान लागत होतं, पण थंड नळीची पहिली गोळी दर वेळी दोन इंच खाली डावीकडे. बाद. एक जादा वेगाचं काडतूस घेतलं, तर रिकामी काडतुसं लांब भिरकावली जाऊ लागली आणि त्यांच्या कडा वाकायला लागल्या. वायूच्या भोकाशी दाब जास्त आहे याची ती खूण, म्हणून बॉक्स अर्ध्यात थांबवला. निव्वळ तांब्याच्या एका महागड्या गोळीचा पसारा दोन इंचांपलीकडे गेला. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर फिरायला नळीतल्या खाचांचा पीळ जास्त लागतो. दुसऱ्या नळीत हीच गोळी उत्तम लागेल. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची काडतुसं चालत नाहीत, तिथल्या लोकांना तांब्यातूनच निवडावं लागतं, आणि त्यांनी अधिक धीर धरावा. गोळीचा प्रकार बदलला की आधीच्या गोळीचा थर नळीतून साफ करून, पाच-सहा बार वाया घालवून मगच मोजायला घ्यावं.

माझ्या नळीला मानवली ती फेडरल फ्यूजन, १६५ ग्रेन. पाच गोळ्या दीड इंचाच्या आत, आणि थंड नळीचा कागद त्याच जागी. शिशावर तांब्याचं वेष्टण घट्ट जोडलेलं असल्यामुळे हाडावर गोळी फुटून विखुरत नाही, रानडुकरासाठी मला तेच हवं होतं. रेमिंग्टन कोर-लॉक्टची १५० ग्रेनची गोळी तिच्या खालोखाल, आणि किंमत कमी, म्हणून सरावाला ती.

दीड इंच कमी वाटत असेल त्यांनी हिशोब करावा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची काळीज-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंचांची. २०० यार्डांवर दीड इंचाचे तीन होतात. १०० यार्डांवर नेम जुळवलेली ही गोळी तिथे सुमारे चार इंच खाली येते, तेवढं माहीत असलं की पुरे. पाऊण इंचासाठी आणखी डझनभर बॉक्स फोडण्यापेक्षा तो पैसा गुडघ्यावर बसून मारायच्या सरावात घालवावा. जखमी जनावर झाडीत गेलं की रात्रभर शोधावं लागतं, आणि शोधावंच लागतं. आमच्याकडे कुडाळला आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. एकच बार, त्यामुळे ते जवळ येईपर्यंत थांबायचे. हातात सेमी-ऑटोमॅटिक असली तरी मी पहिल्या बाराला तेवढाच वेळ देते.

भाऊ तिकडून विचारतो, ‘गो ताय, थंयसर दुकानात काडतुसां अशीच मिळतत?’ त्याच्याकडे निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि तेवढ्यात डुकरांनी भात लोळवायचं, हे ठरलेलं. इथे काडतुसं खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात, आणि टेक्सासात खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. पण एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी नीट ऐका: तुम्हाला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. तुमच्या बाबतीत तो लागू होतो का, हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय मित्राचा बॉक्ससुद्धा घरी ठेवू नका.

ज्यांची बंदूक नवी आहे त्यांनी एकदम पेटी उचलू नये. १५०, १६५ आणि १८० ग्रेनचा एकेक बॉक्स घ्यावा, वीस-वीस काडतुसांचा. जे मानवेल त्याच्या बॉक्सवरचा लॉट क्रमांक (कोणत्या खेपेचा माल ते सांगणारा) टिपून दुकानात परत जावं आणि त्याच लॉटचे जमतील तेवढे बॉक्स आणावेत. लॉट बदलला की दारूचा घाणा बदलू शकतो आणि पहिल्या बाराची जागाही. माझ्याकडचा लॉट संपत आलाय. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा मोसम उघडतो, त्याआधी नव्या लॉटसाठी कोरा कागद लावायचा आहे.