लेकीचं मॉडेलिंग का सोडवलंत?

तोक्योतल्या गणपतीत आरती संपून प्रसादाचा द्रोण हातात आला की कोणीतरी विचारतंच, "एवढं छान चाललं होतं, सोडवलंत का?" सांगलीला गेलं की नेमकं उलटं. "एवढ्याशा पोरीला कामाला लावलंतच का?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हीकडच्यांना एकदाच सांगते.

आधी पैसे, कारण विचारायचं तेच असतं. एजन्सीचा वाटा आणि 10.21 टक्के कर कापून उरलं ते तिच्या पोस्टाच्या खात्यात आहे. आणि थंडीचं म्हणाल, तर हो, उन्हाळी कपड्यांचे फोटो जानेवारीतच काढतात. कासाई रिंकाई पार्कात, समुद्राच्या वाऱ्यात, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये ती उभी होती. मधेमधे जॅकेट आणि खिशात काइरोच्या गरम पुड्या. ती रडली नाही. रडकुंडीला मी आले होते.

आम्ही दोघी एकाच व्हिसावर, नवऱ्याच्या नोकरीला टांगलेल्या. कमवायचं तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी, आठवड्याला 28 तासांच्या आत. एमएस्सी मी, आणि ती परवानगी आमच्या घरात पहिल्यांदा वापरली सात वर्षांच्या पोरीने. खरं सांगायचं तर मला घराबाहेर पडायला कारण मिळालं. कोणीतरी "मामा-सान, इकडे बसा" म्हणायचं. (जपानीत मामा म्हणजे आई. माझा भाऊ यावर अजून हसतो.)

एकदा निवडीसाठी बोलावलं ती जाहिरात करीची होती. अर्थात! गोऱ्या मुलांना कोट, बूट, इंग्रजीचे क्लास. आमच्या वाट्याला करी, नाहीतर परदेशी मुलांच्या घोळक्यात मागची जागा. वाक्य एवढंच होतं, "आई, हे घरच्यासारखं लागतं!" लेक वॉर्डच्या सरकारी शाळेत दुसरीत. आमच्या निशी-कासाई भागातली कुठलीही पोरगी म्हणेल तसं तिने ते म्हटलं. समोरचा माणूस कौतुकाने हसला आणि म्हणाला, "थोडं काताकोतो करता येईल?" काताकोतो म्हणजे मोडकंतोडकं, परदेशी माणसं बोलतात तसं. तिला कळेना. त्याने पुन्हा सांगितलं, अगदी प्रेमाने. मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "म्हणजे तू बोलतेस तसं?"

मी मान डोलावली.

तिने केलं. मी आखूड करते ते दीर्घ स्वर, "वा" प्रत्ययाच्या जागी "गा", शब्द सापडेना की माझं ते "आनो... आनो...", आणि तेव्हा हवेत फिरणारा माझा उजवा हातसुद्धा. खोलीभर हशा. बाकीच्या आया हसल्या, मीही हसले. काम तिलाच मिळालं.

तुम्हाला वाटेल, तिथेच थांबवलं. नाही. पुढे दीड वर्ष चाललं. बक्षीस म्हणून आलेली करीची खोकी आम्ही संपवलीसुद्धा. तिथे मुलांच्या कपड्यांची मापं उंचीवर, सेंटिमीटरमध्ये. लेक 130 च्या पुढे गेली, समोरचे दोन दात वाकडे आले, बोलावणी कमी झाली आणि मी "अभ्यास असतो हो" म्हणायला लागले. सोडवलं असं मी म्हणते, पण अर्धं ते आपोआपच सुटलं होतं.

तेव्हाची मी आताच्या मला म्हणते, अगं, नक्कलच केली ना लेकीने? नट करतातच. मी तिला म्हणते, नक्कल कोणाची ते त्या खोलीत फक्त तुला आणि लेकीला माहीत होतं. ती म्हणते, मग बिघडलं काय? यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

लेक आता चौदाची आहे. विचारलं तर "मजा यायची" म्हणते. दिवाळीत सांगलीला व्हिडिओ कॉल लागला की भाऊ फर्माईश करतो, "आईचं जपानी करून दाखव." ती दाखवते. त्यात आता वॉर्ड ऑफिसमधली आणि दवाखान्यातली नवी वाक्यंही आली आहेत.