तिकडं सुटली, इकडं अजून बायकोच

परवा रंकाळ्यावर मामेबहीण भेटली, अमेरिकेतनं आलेली, भेळ खाता खाता म्हणाली दादा माझा डिव्होर्स झालाय पण इकडं तो चालत नाही म्हणे. मी म्हटलं असं कसं, कोर्टाचा शिक्का हाय की! मग वकिलाकडं गेलो आणि डोकं गरगरलं.

लग्न इथं, हिंदू विवाह कायद्याखाली. तिकडं ‘आमचं आता पटत नाही’ एवढ्यावर घटस्फोट मिळतो, पण आपल्या कायद्यात ते कारणच नाही, आणि नवरा तर त्या कोर्टात गेलाच नव्हता. वकील म्हणाले १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल हाय, नरसिंह राव केस, तिरुपतीत लग्न आणि मिसुरीत घटस्फोट, तो कोर्टानं मानला नाही. दोघांनी मनापासून संमती दिली असती तर गोष्ट वेगळी. आता परत इथं फॅमिली कोर्ट, म्हणजे एकाच नवऱ्यापासून दोनदा सुटायचं, आणि तोवर दुसरं लग्न केलं तर गुन्हा.

पोराचं तर अजून अवघड. एका पालकानं मूल परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर परत पाठवायचा १९८० चा हेग करार हाय, त्यावर भारताची सही नाही. तिकडच्या कोर्टानं ताबा दिला तरी इथलं कोर्ट मुलाचं हित बघून आपलं ठरवणार.

मामी म्हणते, पत्रिका बघितली तशी कागदं का नाही बघितली. आता काय बोलणार. सोमवारी परत वकिलाकडं जायचंय, लग्नाचा दाखला अजून सापडला नाही.