गुंतवळाच्या गोणीपासून आमची वाटचाल

आई सोलापुरात दारोदार फिरायची, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि "केसावर भांडीऽऽ" अशी हाळी. बायका फणीतलं गुंतवळ पिशवीत साठवून ठेवायच्या, काहीजणी मात्र द्यायच्याच नाहीत, कोणी करणी करेल म्हणून थुंकून टाकून द्यायच्या. मूठभर असलं तर पिना नाहीतर पोरांना फुगा, पिशवी भरली तर वाटी, डबा. आई ते सगळं एका व्यापाऱ्याला घालायची आणि तो काट्यात मारायचा हे आम्हाला फार उशिरा कळलं, तिची किती वर्षं त्यात गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मी आणि भाऊ गदगला गाडी बदलून कर्नाटकातल्या कोप्पळला गेलो, शेजारच्या भाग्यनगरात घरोघरी विगसाठी लागणाऱ्या केसांचंच काम चालतं. तिथे कळलं आपण गोणी देऊन मोकळे होतो त्यानंतर त्यावर किती हात फिरतात. कचरा, दोरे काढायचे, पांढरे केस वेगळे, मग बायका बसून सुईने एकेक गाठ सोडवतात, मग धुणं, वाळवणं, आणि उभ्या खिळ्यांच्या फळीतून ओढून इंचाप्रमाणे जुड्या बांधायच्या, जुडी जेवढी लांब तेवढा भाव. तिरुपतीच्या केसांना, म्हणजे रेमी मालाला, भाव जास्त कारण सगळी मुळं एका बाजूला असतात. गुंतवळात मुळं-टोकं उलटसुलट, त्यामुळे केसावरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि कारखान्यात ते ॲसिडने काढावे लागतात. पण म्हणून गुंतवळ म्हणजे कचरा नाही हो, त्याला मेहनत जास्त लागते एवढंच.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत चार बायका घेऊन आम्ही सुरू केलं, तरी बरीच गोणी कच्चीच विकायचो. जानेवारी २०२२ मध्ये कच्च्या केसांच्या एक्स्पोर्टवर सरकारने निर्बंध आणले, आमचा माल उचलणारा एकजण गप्पच झाला, पेमेंट पण अडकलं, ते दोन-तीन महिने फार वाईट गेले. पण माल कच्चा बाहेर गेला की गाठी सोडवायचं काम पण बाहेर जातं, त्यामुळे निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं. त्यानंतर आम्ही कच्चं विकणं बंदच केलं, सगळ्या जुड्या इथेच बांधतो.

आता फेरीवाल्या बायकांसमोर काटा ठेवतो, आकडा त्यांच्याकडे तोंड करून, पैसे लगेच हातात. आई फिरत नाही पण गोणी उघडली की पहिला हात तिचाच, ओलसर लागलं तर लगेच बाजूला काढून उन्हात पसरते.