युनिकॉर्न मातीत उतरवताना

गेल्या जुलैत वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूला एका कच्च्या रस्त्यावर माझी होंडा युनिकॉर्न मोटरसायकल जागेवरच अडकली. इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, पण पुढचं चाक फिरेना. तांबडी चिकट माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ठासून बसली होती. काडीने उकरली, पन्नास पावलांवर पुन्हा तेच. शेवटी मडगार्डच काढून सॅकला बांधला आणि घर गाठलं.

गाडी २००८ सालची, तारांच्या चाकांची. विकून मातीतलीच गाडी घे, असं सगळे म्हणाले. पण हिच्यावर माझा जीव आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून पाच वर्षांची मुदतही वाढवून आणली होती. हिलाच तयार करायचं ठरवलं.

पुण्याच्या नाना पेठेत जाऊन आधी बटन टायर, म्हणजे मातीत पकड घेणारे जाड गाठींचे टायर घ्यायचे, असा माझा बेत. आमच्या मेकॅनिक काकांनी थांबवलं. म्हणाले, ‘‘टायर कुठं पळत नाहीत. आधी खाली वाकून बघ.’’ वाकून बघितलं. युनिकॉर्नची चेसी डायमंड पद्धतीची, म्हणजे इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग. खालून त्याला आधाराचे पाइप नाहीत. दगड आला तर थेट इंजिनवर बसणार. इतकी वर्षं चालवूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

म्हणून आधी इंजिनखाली संरक्षणाला पत्रा बसवायचं ठरलं. त्या एका पत्र्यालाच तीन शनिवार गेले. पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावरून ३ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम वाकवून घेतलं. पत्रा पुढे इंजिन माउंटिंगच्या बोल्टला आणि मागे फूटरेस्टच्या पाइपला धरला. पहिल्या फेरीला तो इंजिनला घासून थरथरायला लागला. मग मध्ये रबरी बुश घातले आणि बोटभर फट ठेवली. इंजिन हवेवर थंड होतं, म्हणून पत्रा समोरून वर चढवला नाही. ऑइलच्या नटाखाली भोक ठेवलं, म्हणजे ऑइल बदलताना पत्रा काढायला नको. करून घेणार असाल तर हे भोक आधीच पाडून घ्या.

मग पुढचे शॉकअप. खड्ड्यात ते तळाला आदळायचे. थोडं जाड ऑइल भरलं, सील बदलले आणि दोन्ही स्प्रिंगांवर १५ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवले. याहून लांब घालायचा मोह मी टाळला, कारण स्प्रिंग जास्त दबली की पुढचा भाग ताठ होतो आणि दगडांवर चाक उड्या मारतं.

बाकीचं पटापट झालं. पुढचा मडगार्ड उंच केला, दोन्ही चाकांची आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा काढला, रुंद हँडल लावलं. इंजिनकडचं चेनचं चाक एका दाताने लहान केलं. चढावर क्लच न जाळता गाडी हळू चालते, पण हायवेवर इंजिन ओरडतं. मला चालतं, मी हायवेवर रमत नाही. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प अगदी आवळले नाहीत. गाडी पडली तर लिव्हर फिरतात, मोडत नाहीत. टायर सगळ्यात शेवटी आले, दोन्ही १८ इंचीच. मातीत हवा २० पीएसआयपर्यंत उतरवतो, त्याखाली नाही, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटते.

चेसी, इंजिन आणि सायलेन्सरला हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. मला ही गाडी पुन्हा पासिंगला न्यायची आहे. शिवाय फुटका आवाज करत गावातून जाणं मला पटत नाही.

सरावासाठी वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी गाडी घालू नका, ती चालणाऱ्यांची आणि झाडांची आहे. मी पानशेतजवळ मित्राच्या पडीक माळावर सराव केला. पावसात भातखाचरांच्या बांधावरून तर अजिबात नको. बांध फुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं.

सगळा खर्च १७ हजारांच्या आसपास आला. यंदा पहिल्या पावसानंतर त्याच केळदच्या रस्त्यावर गेलो. एका वळणावर खालून ठण्ण आवाज आला. उतरून बघितलं, पत्र्याला अंगठ्याएवढा पोचा. इंजिन कोरडं होतं. पुढचं चाक मातीने माखलेलं, पण फिरत होतं.